कोकमतेलाचा हट्ट

मे महिन्याच्या शेवटाला सावंतवाडी-कुडाळकडच्या आठवडाबाजारात गेलात, तर सोलं, आगळ, आठळ्या, सुके बांगडे असल्या पसाऱ्यात एखाद्या म्हातारीच्या पुढ्यात पांढुरके, लांबट गोळे दिसतील. कोंबडीच्या अंड्याहून थोडे मोठे, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले. नीट पाहिलं तर त्यांच्यावर बोटांच्या पुसट खाचा असतात, कारण ते साच्यातून काढलेले नसतात, मुठीत दाबून वळलेले असतात. हे कोकमतेल. सावंतवाडीकडे मुठेल, गोव्यात भिरंडेल. नवखं गिऱ्हाईक त्याला मेण समजतं. पण मेणात नख रुततं, इथे नख मारलं की पांढरा भुगा पडतो. वास जवळजवळ नाहीच, आलाच तर चुलीच्या धुराचा.

हाच गोळा आता चेहरामोहरा बदलून जगभर हिंडतो आहे. लिप बाम, लिपस्टिक, टाचांचं क्रीम, बाळांचं मॉइश्चरायझर, महागडा साबण. डबीच्या मागच्या बारीक अक्षरांत 'गार्सिनिया इंडिका सीड बटर' असं काही वाचायला मिळालं, तर ते रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बीतलं आपलं मुठेल आहे हे ओळखावं.

प्रसाधनं बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी काही वर्षं काढली. तिथे कोकम बटर यायचं ते पांढऱ्याशुभ्र, बिनवासाच्या तुकड्यांत, जाड पिशवीत सीलबंद. घरी गावाकडून येणारा गोळा धुरकट, जरा राखाडी झाक असलेला. दोन्ही एकच वस्तू, हे डोळ्यांना पटायला वेळ लागतो. हाताला मात्र लगेच पटतं, कारण दोघांचा स्वभाव सारखाच हट्टी. तळहातावर घेऊन बसलात तरी ते ढिम्म राहतं. कोकोबटर बोटांच्या उबेने सैल होतं, साधारण ३४ अंशांना वितळायला लागतं. कोकमतेलाला चाळीसच्या आसपास जावं लागतं. आपल्या कातडीचा वरचा थर बत्तीस-चौतीस अंशांवर असतो, म्हणजे अंगाच्या उबेला ते सहजासहजी दाद देत नाही. चोळावं लागतं, नाहीतर विस्तव दाखवावा लागतो.

घरी ह्याच गोष्टीचा वैताग यायचा आणि कारखान्यात ह्याच गोष्टीचे पैसे मोजले जायचे. मला कोकमतेलाबद्दल जे काही म्हणायचं आहे ते सगळं ह्या एका गुणाभोवती फिरतं.

त्यामागचं रसायन फार अवघड नाही. कुठलीही चरबी म्हणजे ग्लिसरॉलच्या कण्याला जोडलेली तीन मेदाम्लं. कोकमतेलात निम्म्याहून जास्त स्टिअरिक आम्ल असतं, एक तृतीयांशाहून जास्त ओलेइक, आणि बाकीची किरकोळ. पण खरी गोम प्रमाणात नाही, मांडणीत आहे. ह्यातल्या बहुतेक रेणूंत दोन्ही टोकांना स्टिअरिक आणि मधोमध ओलेइक बसलेलं असतं. सगळे रेणू असे एकसारखे असले की ते एकमेकांशेजारी दाटीवाटीने, शिस्तीत बसतात आणि घट्ट स्फटिक होतात. वितळायची वेळ आली की मग सगळे जवळजवळ एकदमच वितळतात. त्यामुळे कोकमतेल बराच वेळ दगड असतं आणि मग बघता बघता पाणी होतं. लोण्यासारखी मऊसूत मधली अवस्था त्याला फारशी ठाऊकच नाही.

लिपस्टिक बनवणाऱ्याला नेमकं असं काहीतरी हवं असतं. लिपस्टिक म्हणजे मुख्यतः एरंडेलासारखं दाट तेल, त्याला उभं धरणारी मेणं आणि त्यात घोटलेला रंग. मेण जास्त झालं की ओठांवर ओढल्यासारखं होतं, कमी झालं तर एप्रिलमध्ये पर्समध्ये कांडी वाकते. कोकमतेल दोघांच्या मधलं काम करतं. खोलीच्या तापमानाला कांडीला कणा देतं, पण ओठांवर घासलं की मेणासारखं चिकटून न बसता पसरतं. शिवाय तेलकट चकाकी मागे ठेवत नाही.

दुसरी एक गंमत रव्याची. कढवलेलं तूप रवाळ झालं की आपण सुगरणीचं कौतुक करतो. बाममध्ये तसाच रवा धरला की गिऱ्हाईक डबी परत पाठवतं, 'खराब झालंय' म्हणून. शिया बटर, म्हणजे आफ्रिकेतल्या शिया झाडाच्या बियांची चरबी, ह्या बाबतीत भारी खोडकर. हळूहळू थंड झालं की त्यातले वेगवेगळे घटक वेगवेगळ्या वेळी गोठतात आणि मलमात वाळूसारखे कण लागतात. कोकमतेल त्यामानाने गुणी, पण त्यालाही पूर्ण वितळवून भरभर गार करावं लागतं. प्रयोगशाळेत आमचा निम्मा दिवस ह्या गार करण्याच्या तऱ्हांमध्ये जायचा. विषय निघालाच म्हणून सांगते, लिप बामच्या धंद्यात सगळ्यात महत्त्वाचं यंत्र फ्रीज आहे.

आता हे कातडीवर काय करतं ते पाहू. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात मेलेल्या, चपट्या पेशी एकावर एक बसलेल्या असतात आणि त्यांच्या मधल्या फटी शरीराने स्वतः बनवलेल्या स्निग्ध पदार्थांनी भरलेल्या असतात. थंडीत, कोरड्या हवेत, सारखं साबणाचं पाणी लागून हा मधला ओलावा आणि स्निग्धांश कमी होतो. पेशींच्या कडा उचलल्या जातात, हात खरखरीत लागतो. कोकमतेलासारखा स्निग्ध पदार्थ त्या उचललेल्या कडांच्या मध्ये शिरतो, त्यांना चापून बसवतो, आणि वर पातळ थर धरून आतलं पाणी उडून जाण्याचा वेग कमी करतो. बस्स, एवढंच. तो त्वचेला 'पोषण' देत नाही. मेलेल्या पेशींना कुणी जेवायला घालू शकत नाही. पण एवढं काम नीट झालं, तरी खालच्या थराला स्वतःची डागडुजी करायला उसंत मिळते.

हे सगळं माहीत नसतानाही आमच्याकडच्या बायकांनी ते दोनच जागी धरून वापरलं: टाचा आणि ओठ. ह्याचं मला नेहमी नवल वाटतं. तळपायाला तैलग्रंथी नसतात. ओठांवरही त्या नसल्यात जमा, आणि तिथली कातडी फार पातळ. बाकीचं अंग स्वतःपुरतं तेल तयार करतं, ह्या दोन जागांना ते बाहेरून आणावं लागतं. टाचेचं कातडं तर इतकं जाड की कोरडं पडलं आणि वरून शरीराचा भार आला की ते वाकत नाही, सरळ तडकतं.

माझ्या काकीच्या टाचा म्हणजे ह्याचा नमुना होता. चिरेबंदी खळ्यात अनवाणी वावरणं, पावसात चिखलात उभं राहून लावणी, मग थंडीत सुकलेली शेतं. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या आणि पौष-माघात टाचेला भेगा, असा वर्षाचा हिशेब ठरलेला. चिखल्यांवर ती दुसरं काही लावायची; कोकमतेल भेगांसाठीच. रात्री जेवणं आटोपली, भांडी झाली की ती चुलीपुढे बसायची. लोखंडी पळीत गोळ्याचा तुकडा टाकून निखाऱ्यावर धरायची. तुकडा आधी नुसता घाम फुटल्यासारखा चकाके, मग कडेने विरघळायला लागे, आणि पुढच्या क्षणी पळीत स्वच्छ, फिकट पिवळं तेल. ते ती टाचेच्या भेगेत थेंबथेंब सोडायची. दात आवळलेले. तेल भेगेत उतरून लगेच पांढरं व्हायचं, भिंतीच्या चिरेत चुना भरावा तसं गोठून बसायचं. मग वर जुन्या धोतराची पट्टी बांधून झोप.

"काकी, जरा थंड होऊ दे ना," असं म्हटलं की उत्तर ठरलेलं.

"थंड झाला काय दगड जाता गो. गरम आसतानाच सोडूक व्हया. चटको बसल्याशिवाय भेग मिटत नाय."

चटक्याने भेग मिटते हे काही खरं नाही. पण तेल भेगेच्या तळापर्यंत पोचायला ते पातळ असावं लागतं, आणि हे तेल पातळ राहतं ते गरम असेपर्यंतच. तेव्हा निष्कर्ष चुकीचा असला तरी कृती बरोबर होती. एक मात्र इथेच सांगून टाकते. घरात कुणाला मधुमेह असेल तर हा प्रयोग मुळीच करू नका. अशा पायांना चटका लागलेला कळत नाही, आणि टाचेवरची साधी पोळल्याची जखम महिनोन् महिने भरत नाही. त्यांनी कोमट करून, हाताला सोसतं का बघून, बोटाने चोळावं.

पोटात घ्यायचीही पद्धत होती. पोरांना आव पडली की मऊ भातावर कढत कोकमतेल आणि मीठ. औषध म्हणून त्याची किती मातबरी ते डॉक्टरांनी सांगावं, मला त्या भाताची चव अजिबात आवडत नसे. टाळूला चिकटायचं आणि पाणी प्यायलं की अजूनच घट्ट बसायचं.

तेल काढण्याचं काम मी जवळून पाहिलेलं आहे, आणि त्याबद्दल हळवं होऊन लिहिणाऱ्यांनी ते एकदा स्वतः करून बघावं. रातांबे पिकतात एप्रिल-मेमध्ये, आणि शेवटची फळं हाती येईपर्यंत पाऊस दाराशी उभा असतो. घाई सगळी सालींची. फळ फोडायचं, साल वेगळी, आतला बियांसकट गर वेगळा. गराला मीठ लावून रस सुटतो, त्याच रसात साली पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात घालायच्या, तेव्हा त्यांची काळपट सोलं होतात. रस गाळून बाटल्यांत भरला की आगळ. आणि ह्या सगळ्यातून उरतो तो बुळबुळीत बियांचा ढीग, ज्यावर माश्या घोंघावत असतात. पुष्कळ घरी तो माडाच्या आळ्यात टाकून मोकळे होतात.

ज्यांना तेल करायचं ते बिया धुऊन, चोळून, पाऊस यायच्या आत कडकडीत वाळवतात. आमच्याकडे त्या डब्यात भरून ठेवायचे आणि भातकापणीनंतर सवडीने काढायचे. मग त्या वायनात, म्हणजे दगडी उखळात, घालून कुटायच्या, सुपात पाखडून टरफलं उडवायची, राहिलेला गर पुन्हा कुटून किंवा वाटून त्याचा लगदा करायचा. हा लगदा मोठ्या टोपात पाणी घालून चुलीवर चढतो. तासन् तास उकळतो. हळूहळू पाण्यावर तवंग येतो, तो करवंटीच्या दौलीने अलगद काढायचा. अलगद म्हणजे खरोखर अलगद, कारण दौली जरा खोल गेली की गदळ वर आलंच. काढलेलं तेल पुन्हा तापवून आतलं पाणी आटवायचं, फडक्यातून गाळायचं. आणि मग ते गोठायच्या बेताला आलं, पुरतं दगड व्हायच्या आधी, की मुठीत घेऊन गोळे वळायचे. ही वेळ फार थोडी असते. लवकर हात घातला तर पोळतो, उशीर केला तर भुगा होतो. काकी गप्पा मारता मारता एकाएकी गप्प व्हायची, तेव्हा समजायचं की वेळ आली.

बीच्या वजनाचा साधारण पाव हिस्सा चरबी असते. चुलीवर उकळून त्यातली सगळी काही हाती लागत नाही, बरीचशी चोथ्यातच राहते. कारखान्यात द्रावक वापरून ती जवळजवळ पूर्ण काढून घेतात. पहाटेपासून राबून, लाकूडफाटा जाळून हाती काय, तर टोपलीभर बियांचे बोटांवर मोजण्याइतके गोळे. कोकमतेल आमच्या घरातून गेलं ते वाईट म्हणून नाही, परवडेना म्हणून. आणि त्याला घालवणारी वस्तू काही फार हीन होती असंही नाही.

ह्यातल्या तारखा मोठ्या मजेच्या आहेत. १८६८ साली इंग्रज सरकारने 'फार्माकोपिया ऑफ इंडिया' हे औषधांचं अधिकृत पुस्तक छापलं, त्यात कोकमतेलाला मलमाचा पाया म्हणून अधिकृत जागा मिळाली. १८७४ साली लंडनमध्ये फ्ल्यूकिगर आणि हॅन्बरी ह्या दोघांनी औषधी वनस्पतींवर जो जाडजूड ग्रंथ काढला, त्यातही कोकमतेलावर स्वतंत्र टिपण आहे. हिंदुस्थानच्या बाजारातले अंडाकृती गोळे, त्यांची लांबी-रुंदी, चुरा होणारा पण बोटाला स्निग्ध लागणारा स्वभाव, सगळं त्यांनी टिपलं आहे. दीडशे वर्षांत गोळा काही बदललेला नाही. पण ह्या दोन पुस्तकांच्या मधल्या काळात, १८७२ साली, अमेरिकेत रॉबर्ट चेझब्रो नावाच्या माणसाने खनिज तेलाच्या विहिरींवरच्या गाळातून काढलेल्या एका पदार्थाचं पेटंट घेतलं होतं. त्याचं नाव व्हॅसलिन.

व्हॅसलिनला कुटावं लागत नाही, उकळावं लागत नाही, ते खवट होत नाही, आणि थंडीतही बोटाला मऊ लागतं. कातडीतलं पाणी अडवून धरण्यात त्याच्या जवळपास जाणारी वनस्पतिजन्य चरबी मला तरी माहीत नाही. 'पेट्रोलियम म्हणजे विष' असं जे हल्ली चालतं, त्याला शुद्ध केलेल्या व्हॅसलिनच्या बाबतीत आधार नाही. तेव्हा कोकमतेलाचं कौतुक करायला व्हॅसलिनला शिव्या घालायची गरज नाही. फक्त व्हॅसलिन चोपडल्यासारखं राहतं, चपला-पांघरुणाला लागतं, आणि लिपस्टिकच्या कांडीला कणा देणं त्याच्या कुंडलीतच नाही. कोकमतेलाने पुन्हा पाय रोवला तो तिथे.

चॉकलेटवाल्यांनाही त्याची ओळख आहे. युरोपीय संघाच्या २००० सालच्या नियमानुसार चॉकलेटमध्ये कोकोबटरखेरीज ५ टक्क्यांपर्यंत ज्या सहा चरबी चालतात, त्या म्हणजे इलिपे (हेही एका झाडाच्या बियांचं), पाम, साल (फळाची साल नव्हे, साल वृक्षाच्या बियांची), शिया, कोकम आणि आंब्याच्या कोयीतली. सहांपैकी साल, कोकम आणि आंबा आपल्या अंगणातले. आंब्याची कोय आणि रातांब्याची बी, कोकणात दोन्ही उकिरड्यावर जाणाऱ्या.

आता जरा जाहिरातींकडे वळते, कारण तिथे फार बनवाबनवी चालते. 'कोकम बटरमधली अँटिऑक्सिडंट्स', 'कोकमातलं गार्सिनॉल', 'हायड्रॉक्सीसिट्रिक आम्लाची जादू' असलं पुष्कळ वाचायला मिळतं. हे सगळं सालीचं वैभव आहे. तो लाल रंग, तो आंबटपणा सालीत असतो. ते आम्ल पाण्यात विरघळणारं, चरबीत उतरण्याचा प्रश्नच नाही. सोलकढीची पुण्याई बीच्या खात्यावर जमा करण्याचा हा प्रकार. त्यात जर ते शुभ्र, बिनवासाचं, शुद्ध केलेलं बटर असेल तर वनस्पतीच्या इतर घटकांतलं जे थोडंफार उतरलं असेल तेही शुद्धीकरणात बरंचसं गेलेलं असतं.

दुसरा प्रकार आकड्यांचा. कुठलं तेल चेहऱ्यावरची छिद्रं बुजवतं ह्याला शून्य ते पाच गुण देणारे तक्ते सगळीकडे फिरत असतात, आणि कोकम बटरला त्यात हमखास शून्य म्हणजे उत्तम. ह्या गुणांची परंपरा सुरू झाली ती सशांच्या कानांवर पदार्थ चोळून. सशाच्या कानाची कातडी आपल्या गालापेक्षा फारच लवकर रुसते. शिवाय एकट्या घटकाचे गुण दहा घटकांच्या क्रीमला लावता येत नाहीत. मुरुमांचा त्रास असेल तर कानशिलाजवळ थोडं लावून आठवडाभर बघणं, हे त्या तक्त्यापेक्षा खात्रीचं.

तिसरा प्रकार पकडणं सोपं आहे आणि मला त्यात दुष्ट आनंद मिळतो. डबीच्या पुढे रातांब्याचं चित्र, ठळक अक्षरात कोकम. डबी उलटी करा. घटकांची यादी जास्तीकडून कमीकडे लिहायची असते. एक टक्का आणि त्याखालचे घटक शेवटी कसेही लिहिले तरी चालतात. आता यादीत फिनॉक्सीइथेनॉल शोधा. हे टिकाऊपणासाठी घालतात आणि त्याची कमाल मर्यादाच एक टक्का आहे. कोकम बटर त्याच्या मागे असेल, तर त्या डबीत कोकम एक टक्क्याहून जास्त नाही. म्हणजे चित्राचाच खर्च जास्त झालेला असणार. आमच्याही कारखान्यात असे माल निघायचे. मार्केटिंगच्या माणसाला 'अर्धा टक्का तरी टाका ना' एवढंच हवं असायचं.

ज्यांना खरोखर वापरायचं आहे त्यांनी सरळ गोळा आणावा. फक्त तो भुगा पडणारा असावा. बोटाने दाबला गेला, तर त्यात वनस्पती तूप किंवा आणखी काही मिसळलेलं असण्याची शक्यता जास्त. नुसता गोळा ओठांना घासून काही होत नाही, माझ्या पुण्यातल्या मैत्रिणी तसं करून नाराज झाल्या आहेत. एक वाटा कोकमतेल आणि दोन वाटे खोबरेल मंद आचेवर एकत्र वितळवा, उतरवून डबीत ओता आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवा. डिसेंबरात खोबरेल स्वतःच गोठतं, तेव्हा त्याच्या जागी तिळाचं किंवा बदामाचं तेल घ्या. एप्रिलमध्ये कोकमतेल थोडं वाढवा. थोडं मधमाश्यांचं मेण घातलं तर प्रवासातही डबी सांडत नाही. वास हवाच असेल तर माझा इलाज नाही. ओठांच्या मलमात वास घालणं म्हणजे चाटायला आमंत्रण, आणि चाटलेले ओठ आणखी फुटतात.

असली एक डबी करून मी काकीला नेऊन दिली. तिने झाकण काढलं, करंगळी टेकवली. बोट सहज आत गेलं तशी तिची भुवई वर गेली. थोडं टाचेला चोळून पाहिलं.

"बरां आसा," ती म्हणाली. "पण ह्याका तापवूक लागत नाय. मगे चटको खयसून बसतलो?"

मी तिला वितळण्याचे अंश, स्टिअरिक, ओलेइक, खोबरेलाने मऊपणा कसा येतो, सगळं समजावलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग उठून मांडणीवरची लोणच्याची बरणी काढली, तिचं पत्र्याचं झाकण गंजून बसलं होतं, आणि त्याच्या कडेला माझं मलम बोटभर फासून ते दोनदा फिरवलं. झाकण उघडलं. "ह्या कामाक चांगला," म्हणाली, आणि टाचेसाठी पळी शोधायला लागली.